माझ्या जागेवरचं पोतं

सोमवार, १७ फेब्रुवारी १९८६. सकाळी नळावर मी पोतं धूत होते. आदल्या दिवशी सौसरला लग्न होतं, म्हणून रविवारचं धुणं राहिलं होतं. पोतं घरचं नव्हतं. मालकाच्या गाडीतलं होतं. मागच्या सीटवर, फक्त माझ्या जागेवर ते अंथरलेलं असायचं.

मालक आमच्याच पांढुर्ण्यात राहायचे. त्यांची संत्र्याची बाग तिगावच्या रस्त्याला, माझी शाळा बागेच्या पुढच्या गावात. रोज सकाळी बागेकडे जाताना त्यांची अ‍ॅम्बॅसेडर आम्हा दोघी मास्तरणींना न्यायची. पहिल्याच दिवशी ड्रायव्हर म्हणाला होता, "सीट फाटून आहे बाई, स्प्रिंग टोचते." मी उतरले की तो पोतं उचलून डिकीत टाकायचा. असे आठ महिने. धुळीनं साडी मळते म्हणून शनिवारी मी ते मागून आणायचे, सोमवारी धुतलेलं परत द्यायचे. देताना तो कचरायचा. मला वाटायचं, बिचारा लाजतो.

गाडी आली तेव्हा पोतं दोरीवर निथळत होतं. मी दार उघडलं. सीट धड होती. लाल रेक्झिन, कुठे एक टाकासुद्धा नाही.

पुढून मान न वळवता मालकांनी ड्रायव्हरला विचारलं, "बाईचा बोरा कुठी आहे बे?"

"धुवाले नेला बाईनं."

"मंग खाली बसू दे. उद्या मंगळवार आहे, संध्याकाळी जामसांवलीच्या मारुतीले जाची आहे गाडी."

खाली म्हणजे पाय ठेवायच्या जागी. दुसऱ्या मास्तरीणबाई आत बसल्या होत्या. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. फक्त आपल्या चपला त्यांनी जरा सरकवून घेतल्या. माझ्यासाठी जागा केली.

आम्ही बौद्ध, हे सगळ्यांना माहीत होतं. मालकाची मला किळस आली, पण ती जुनीच. नवी होती ती स्वतःची. आठ महिने मी साबण लावून यांचा विटाळ धूत होते. वर आभार मानत होते.

"मी बसत नाही," म्हणाले आणि दार लावलं. पायी गेले. पोचायला बारा वाजले. हेडमास्तरांनी अर्धी रजा लावली.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "मालकाशी वाकडं नोको घेऊ. बदली करून टाकन तो." खोटं नव्हतं. मालकाच्या एका चिठ्ठीवर मास्तर पार छिंदवाड्याच्या डोंगरात गेलेले मी पाहिले होते.

"करू दे," मी म्हणाले. "तुमची सायकल मले द्या. बदली झाली त तिथंही चालते थे."

मंगळवारी सकाळी वाळलेल्या पोत्याची घडी केली, कॅरिअरला बांधली. दांड्याची सायकल, माझं वय चाळीस. साडी खोचली. गावाबाहेर पडेपर्यंत दोनदा पडता पडता वाचले. अर्ध्या वाटेत गाडी मागून आली, शेजारी मंदावली.

"वाळला ना बाई बोरा?" मालक म्हणाले. "या, बसा आता."

"वाळला जी. शाळेत लागते तो."

मी पायडल मारत राहिले. गाडी धूळ उडवून पुढे गेली.

शाळेला दार एकच. तिथं उंबऱ्यापाशी मी पोतं अंथरलं. त्यावर चपला पुसल्या आणि आत गेले. यापुढे येणाऱ्या सगळ्यांना त्यावरूनच यायचं होतं.