पैनगंगेकाठची वज्री

मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारची पक्की सडक मेहकरला मागे राहिली आणि आमची बैलगाडी लोणारच्या वाटेला लागली. माझा तोरा काय वर्णावा! मी पुण्याच्या शाळेत शास्त्र शिकवणारा, ज्वालामुखीचे दगड पाहायला निघालेला. गाडीवान रहीमचाचा बिचारे बैल हाकता हाकता माझे व्याख्यान ऐकत होते.

"चाचा, ही सारी भुई एके काळी पिठल्यासारखी रटरटत होती. बुडबुडे आले, आणि ते फुटायच्या आत रस थिजला. म्हणून या दगडांना भोकं!"

"हाव का जी?" चाचा म्हणाले. "आमी त त्याची वज्री (टाच घासायचा दगड) करतो. गोठ्याच्या भिंतीतबी लावतो, हलका रायते ना."

पैनगंगेकाठी गाडी सोडली. ज्वारीची भाकर आणि ठेसा (आपला ठेचा) खाऊन डोळ्यांतून पाणी आले. चाचा बैलांना पाण्यावर घेऊन गेले. मी उंबराखाली टेकलो, तर ढोलीत फडक्यात गुंडाळलेले काहीतरी दिसले. सोडून पाहतो तो काळा, जाळीदार दगड! कुणीतरी जपून ठेवलेली वज्रीच, असे मी ठरवून टाकले. पाण्यात पाय सोडून टाचा अशा घासल्या म्हणता, आहाहा! मग नमुना म्हणून दगड पिशवीत टाकला. फडके तिथेच.

चाचांनी बैल जुंपले, तोच गावाकडून माणसे आली. पुढच्याचे डोके नुकतेच भादरलेले. त्याने ढोलीत हात घातला, पुन्हा घातला, आणि तो बाप्या माणूस हंबरडा फोडून रडू लागला.

"माही माय कुठी गेली? इथंच ठुली होती न मी!"

माझा हात पिशवीतल्या दगडावर गेला. तो जीवखडा होता! स्मशानात ज्याने मडके फोडतात तो दगड. गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस त्यात असतो; घरात आणत नाहीत, दहाव्याला पिंड देऊन पाण्यात सोडतात. माझ्या वडिलांचा मीही असाच सांभाळला होता. पण तो गुळगुळीत गोटा होता, म्हणून का मला कळू नये?

'चाचा, हाका गाडी' असे ओठांवर आले. आले, खोटे कशाला सांगू? चाचांनी माझ्या लालबुंद टाचांकडे पाहिले, मग पिशवीकडे. गाडी मात्र हाकली नाही.

मी उतरलो, दगड काढून पुढे धरला आणि काय केले ते सांगितले. त्याच्या भोकाभोकांत माझ्या टाचांचा मळ तसाच होता. धरणीमाय पोटात घेईल तर बरे, असे झाले.

"काऊन बे, मेलेल्या मानसाले पाय लावतं?" एकाने हात उगारला.

"थांब बे, मारू नोको," त्या माऊलीचा मुलगा म्हणाला. त्याने दगड घेतला, गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि बाभळीच्या काट्याने एकेक भोक साफ करू लागला. मी हात जोडून काठावर उभा.

दगड निथळवत तो बाहेर आला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "माह्या मायनं पाहुन्याचे पाय धुतल्याबिगर कोनाले जेवू देल्लं नाई कधी. जाता जाता तुमचेबी धुऊन गेली. जा आता, जी."

त्याने शिवी दिली असती तर ती मी सोसली असती.

लोणारचे सरोवर पाहिले, पण त्याचे वर्णन माझ्याकडे मागू नका. रस्ताभर माझे तोंड बंद होते, आणि चाचांनीही ते उघडायला लावले नाही.

पुण्याला पोचलो तेव्हा ही म्हणाली, "अगंबाई, एवढे लांब गेलात आणि एकही दगड आणला नाहीत?" न्हाणीत तिने कढत पाणी काढले होते, शेजारी नेहमीची वज्री. ती मी उचलली, तिच्या भोकांकडे पाहिले, आणि दोन्ही हातांनी कोनाड्यात परत ठेवली.