शोधायला टाइप केलेलं नाव

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या दिल्लीच्या कार्यालयातल्या अधीक्षकांचे. ते साताऱ्याकडचे, मी परभणीकडच्या एका तालुक्याच्या गावचा. माझी आई शाळेत खिचडी शिजवायची. घरात पदवी मिळवणारा मी पहिला. नोकरी लागली तेव्हा पहिले चार महिने मी दिल्लीच्या द्वारका भागातल्या त्यांच्या घरी राहिलो. इथली थंडी मला ठाऊक नव्हती. एका रविवारी त्यांनी मला पानिपतच्या लढाईचं स्मारक आहे त्या काला अंबला नेलं आणि परतताना पानिपतच्या बाजारात माझ्यासाठी जाड ब्लँकेट घेतलं. ऑफिसात मी त्यांना सर म्हणायचो, घरी काका.

आमच्याकडे बदलीच्या अर्जांचं काम होतं. घरी आजारी माणूस असलेल्यांची एक वेगळी यादी असे. ती जुन्या रजिस्टरातून काढून मी तिचा डेटाबेस तयार केला. काका येईल त्याला सांगत, "आमच्या पोराने बनवलंय."

फॉर्म उघडला की एकेका अर्जदाराची नोंद समोर येई. काही बदलायचं तर आधी 'दुरुस्ती' हे बटण दाबावं लागे, अशी सोय मी मुद्दाम ठेवली होती. चार दिवसांत काका वैतागले.

"अरे यार, दर वेळी हे बटण कशाला? मी काय चोर आहे?"

शेजारच्या टेबलावरचे बाबू हसले. "बड़े बाबू, चेले ने आप ही पर ताला लगा दिया."

त्याच दुपारी मी बटण काढून टाकलं. हे बरोबर नाही, हे मला कळत होतं.

काका नाव कसं शोधतात, ते मी पाहिलं होतं. शोधायची चौकट वर कोपऱ्यात होती. ती त्यांच्या ध्यानात राहत नसे. समोर जी नोंद असेल तिच्याच नावावर ते हवं असलेलं नाव टाइप करायचे आणि काही घडलं नाही की पुढच्या नोंदीवर जायचे. पुढे गेलं की बदल आपोआप साठवला जाई. मी दोनदा सांगितलं. "अच्छा अच्छा, लक्षात ठेवतो," म्हणाले. तिसऱ्यांदा सांगायला माझी जीभ रेटली नाही.

त्या यादीत नागपूरची एक मुलगी होती, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर काम करणारी. तिचे वडील घरी एकटे, आठवड्यातून दोनदा डायलिसिस.

मार्चमध्ये यादी काढली तेव्हा एका गृहस्थांचं नाव दोनदा आलं. दुबार नोंद समजून मी त्यातली एक पुसली. कागदी अर्ज काढून पाहिला नाही. यादीवर सह्या झाल्या, ती फलकावर लागली आणि ही मुलगी खाली आली.

"सर, माझं नाव राहिलं का?"

तिचा अर्ज फाइलीत होता. बॅकअप उघडला आणि सगळं समजलं. पुसलेली नोंद तिचीच होती. नाव तेवढं त्या गृहस्थांचं चढलं होतं. त्यांची फाइल काकांनी यादी काढायच्या त्याच आठवड्यात शोधली होती.

मंजूर यादी आता बदलता येणार नाही, असं वरून सांगण्यात आलं. पुढची फेरी सहा महिन्यांनी. "बेटा, पुढच्या वेळी तुझं नाव पहिलं," काका तिला म्हणाले. काय घडलं होतं ते त्यांना माहीत नव्हतं. मी 'तांत्रिक चूक' असं लिहून दिलं. दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते.

ऑगस्टमध्ये तिचे वडील गेले. ती विमानतळावर पोहोचली होती, तेवढ्यात फोन आला. सप्टेंबरच्या यादीत तिचं नाव पहिलं होतं. अर्ज मागे घ्यायला ती स्वतः आली.

"ज्याचं कुणी आहे घरी, त्याला द्या."

तेव्हा मी तिला सांगितलं, की फॉर्म मी उघडा ठेवला आणि तिची नोंद मी पुसली.

"पुसायच्या आधी त्या नोंदीतल्या नंबरावर एक फोन केला असता तर," एवढंच म्हणाली आणि जिना चढून गेली.

काका गावाहून फोन करत. दर वेळी विचारत, त्या मुलीची बदली झाली का. शेवटी मी त्यांना पत्र लिहिलं.

"काका, नमस्कार.

तुम्ही तीनदा विचारलंत आणि मी तीनदा 'काम चालू आहे' म्हणालो. ते खरं नव्हतं. तिचे वडील ऑगस्टमध्ये गेले. तिने अर्ज मागे घेतला.

तिच्या नोंदीवर दुसरं नाव चढलं ते तुम्ही फाइल शोधताना. पण तसं होऊ शकतं हे मला माहीत होतं, तुम्हाला नव्हतं. तुम्ही नाराज व्हाल म्हणून मी ते बटण काढलं. तुमचं मन राखलं, तिचं काम राहिलं. नोंदही मीच पुसली. आता बटण पुन्हा लावलंय. लोक रोज कुरकुरतात.

तिला मी माझं सगळं सांगितलं आहे. तुमचं नाव सांगितलेलं नाही, ते मी ठरवू नये असं वाटलं. तिच्याशी बोलायचं असेल तर कळवा, नंबर पाठवतो. दुपारी दोननंतर ती मोकळी असते."