तिसरा दोष

मुलांचे सिनेमे आमच्या सरांइतके गंभीरपणे पाहणारा माणूस अख्ख्या पुण्यात सापडायचा नाही. सर म्हणजे मराठीचे निवृत्त शिक्षक, नारायण पेठेत एकटे राहणारे. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला, राहायला मागची खोली. परी, राक्षस, बोलणारा बैल, काहीही पडद्यावर आलं की सर इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या खेळाला हजर. शेजारचं पोर खिदळलं तर "हसू नकोस, कथानक चाललंय" म्हणून दटावायचे. परतले की कोपऱ्यावरच्या वाचनालयाच्या फळ्यावर डावीकडे गुण, उजवीकडे दोष. आणि दोष नेहमी एकानं जास्त. पॉपकॉर्नला ते लाह्या म्हणायचे, सिक्वेलला उत्तरार्ध. मी वाशीमकडच्या सवयीनं "हो जी" म्हटलं की लगेच, "जी नको. नुसतं हो पुरे." सातवीत शाळा सुटलेल्या मला वेलांटी-उकारांपासून पुन्हा लिहायला त्यांनीच शिकवलं. ते उपकार मी कसे फेडणार होते? आपल्या हातून काही चुकेल आणि गावी परतावं लागेल, या धास्तीत मी असायचे एवढंच.

मग सरांचे डोळे अधू झाले. डॉक्टरांनी हात टेकले. खडू माझ्याकडे आला; ते सांगणार, मी लिहिणार. दिवाळीच्या सुट्टीत एका खारीच्या सिनेमाचा उत्तरार्ध लागला. माणसं खरी, खार आणि तिचं जंगल चितारलेलं. कोथरूडला जाऊन आम्ही तो पाहिला आणि सकाळी फळ्यापाशी उभे राहिलो.

"गुण. एक, चित्र आणि माणूस यांची जोड कुठे दिसत नाही. दोन, चेटकीण शेवटी सुधारत नाही, हे फार बरं झालं. दोष. एक, पूर्वार्धातलंच दुःख पुन्हा गरम करून वाढलंय. दोन, गाणं लागलं की कथानक चहाला जातं." मग थांबून म्हणाले, "तीन, आजी. चितारणाऱ्यानं तिच्या चेहऱ्यात जीव घातलेला नाही."

माझा हात थबकला. आजी चितारलेली नव्हती. चांगली हाडामांसाची बाई होती ती, आणि रडायची तेव्हा मीही रडले होते. हे पेठेत कुणी वाचलं तर सर फळ्याकडे फिरकणार नाहीत, आणि फळा गेल्यावर त्यांच्याजवळ राहतं काय? मी तिसरा दोष लिहिलाच नाही.

तेवढ्यात पेपर वाचायला आलेले एक काका मोठ्यानं म्हणाले, "दोनास दोन? सर, आज मऊ पडलात की काय?"

सर माझ्या खांद्यावर हात ठेवून निघाले. घराच्या पायरीशी आल्यावर हळूच विचारलं, "आजी खरी होती का गं?"

"हो जी," मी म्हणाले.

त्यांनी टोकलं नाही. तेव्हापासून फळा कोराच आहे. मी मात्र हल्ली वाक्यावाक्याला मुद्दाम जी लावते, आणि पोळी लाटताना "जी नको" ऐकू येतं का म्हणून बाहेरच्या खोलीकडे कान देते.