शिमग्याची सावड, जयंतीची फेड

प्रियदर्शिनी इंग्लंडातून शिकून आली तेव्हा बिरवाडीजवळच्या बौद्धवाडीत तिच्या नावाचा केवढा तरी फ्लेक्स लागला होता. काळा झगा, चौकोनी टोपी, आणि खाली वाडीतल्या झाडून सगळ्या शुभेच्छुकांचे चेहरे. उन्हाने तो फ्लेक्स फिका पडला, वाऱ्याने फाटला, शेवटी कुणीतरी लाकडांवर झाकायला नेला, तरी पोरीला नोकरी लागली नव्हती. वाडीला बोलायला एवढं पुष्कळ झालं.

अखेर मुंबईच्या एका सल्लागार कंपनीने तिला घेतलं. मुलाखतीत विचारलं, शहरात दिवसाला वडापाव किती खपत असतील? तिने लोकसंख्येपासून सुरुवात करून न अडखळता अंदाज बांधून दाखवला. पण घेतलं ते बोलीवर. पहिल्या कामात चमक दिसली तर कायम, नाहीतर आपली वाडी बरी.

हे काम म्हणजे नक्की काय, ते शेजारणींना सांगताना तिच्या आईच्या, मंजुळाबाईंच्या, नाकी नऊ येत. पोरगी कारखान्यांना सल्ला देते, असं त्या सांगत. त्यावर शेजारच्या उज्ज्वलाकाकू म्हणाल्या, "सल्ला? तो आमच्याकडं फुकट मिळतो गो." मंजुळाबाई कळशी उचलून पाण्याला निघाल्या. खरं सांगायचं तर आपलं काम काय, ते प्रियदर्शिनीलाही धड सांगता आलं नसतं.

नशीब असं, की पहिलं काम आलं ते थेट घराच्या उंबऱ्याशी. महाडच्या एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखाना होता. शेठ मुंबईचे. त्यांची तक्रार अशी की शिमगा आला की माणसं गायब होतात, आणि एकटंदुकटं नाही, पाळीच्या पाळी. मशीन थांबलं की पुठ्ठा चिकटवायची आतली खळ वाळते, ती खरवडण्यात पुढची पाळी जाते, आणि तोवर गिऱ्हाईक दुसऱ्याचं दार ठोठावतं.

शिमग्यात कोकणातला माणूस कामावर येईल ही अपेक्षाच मुळी बाहेरच्या माणसाची. इथे गावागावाची पालखी वेगळी, तिचा दिवस वेगळा. आपल्या गावची पालखी नाचवायला माणूस दुबईहून रजा टाकून येतो, तिथे खोक्यांच्या कारखान्याचं काय घेऊन बसलात!

प्रियदर्शिनीच्या वरिष्ठ होत्या सेजल मॅडम. बाई हुशार, पण गाडीच्या काचेतून जेवढं गाव दिसतं तेवढंच त्यांनी पाहिलेलं. त्यांनी झटक्यात उपाय काढला: बाहेरून कंत्राटी माणसं आणा आणि पुढे तीच ठेवा. त्याचे तक्ते रंगवायचं काम प्रियदर्शिनीकडे आलं. तिने रंगवले, पण मन काही त्यात लागेना. त्या तक्त्यातल्या "स्थानिक" नावाच्या लाल रकान्यात तिच्या ओळखीची अर्धी माणसं होती.

घरी जेवताना तिने वडिलांकडे विषय काढला. नागसेन आयुष्यभर त्याच एमआयडीसीतल्या दुसऱ्या कारखान्यात मशीनवर उभे राहिलेले. तुमच्या वेळी शिमग्यात मशीन बंद पडायचं का, असं तिने विचारलं.

"कशाला पडंल?" नागसेन म्हणाले. "आपल्या वाडीत पालखी येत नाय, न् आपण तिची वाट बघत नाय. शिमग्याला भैरूच्या जागी मी डबल पाळी मारायचो. जयंतीला माझ्या जागी भैरू. सावड होती आमची."

सावड त्या भागात पोरासोरांनाही ठाऊक. आज तुझ्या लावणीला मी, उद्या माझ्या लावणीला तू. मजुरी द्यायची नाही, घ्यायची नाही. फक्त अंगावर ठेवायची नाही. आणि भैरूकाका तिला चांगलेच आठवत होते. पोलादपूरच्या वरच्या डोंगरवाडीतले, घरी शेरडं आणि इथे मशीन सांभाळणारे. आता ते या खोक्यांच्याच कारखान्यात होते. मग सावड मोडली कुठे?

दुसऱ्या दिवशी ती फाटकाशी उभी राहिली आणि कोडं सुटलं. डोंगरवाड्यांची बस आली, रिकामी झाली, आणि तेवढ्यानेच एक पाळी भरली. पुढच्या पाळीला पाचाडच्या बाजूची बस. मग बौद्धवाड्यांची. डिझेल वाचावं म्हणून आधीच्या मॅनेजरने एका बसची एक पाळी करून टाकली होती, आणि पाळीबाहेर बदली बंद. शेजारी उभा असलेला प्रत्येक जण एकाच पालखीचा. सावड करणार तरी कुणाशी? तिला तिथल्या तिथे हसू फुटलं.

सेजल मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, नंतर बघू. "नंतर बघू"चा अर्थ कुठल्या विद्यापीठात शिकवत नाहीत, पण तो कळतो. बैठकीत कंत्राटी माणसांचा तक्ता झळकला. शेठनी तो पाहिला आणि प्रियदर्शिनीलाच विचारलं, तुम्ही इथल्या ना? तुम्हाला पटतं हे?

हो म्हटलं असतं तर नोकरी शाबूत होती.

"नाही पटत," ती म्हणाली. एकदा तोंड उघडल्यावर मात्र ती थांबली नाही. पाळ्या फोडा, प्रत्येक पाळीत सगळी गावं मिसळा, बसला थोडा वळसा पडू द्या, आणि कुणाच्या जागी कुणी उभं राहायचं ते माणसांनाच ठरवू द्या, असं तिने समजावून सांगितलं. शेठ धंद्याचा माणूस. मशीन थांबण्यापुढे डिझेल काहीच नाही, हे त्यांना लगेच उमगलं. पण ते म्हणाले, शिमगा बघू आणि तुमची जयंतीही बघू, दोन्हींत मशीन चाललं तर खरं.

बाहेर आल्यावर सेजल मॅडम एवढंच म्हणाल्या, "जमलं तर तुझं नाव. फसलं तर उद्यापासून येऊ नकोस."

शिमगा आला. डोंगरवाडीची पालखी नाचली आणि बौद्धवाडीची माणसं डबल पाळीला उभी राहिली. पाचाडची पालखी निघाली तेव्हा डोंगरवाडीने तिथली जागा भरली. मशीन एकदाही थांबलं नाही. पण हे अर्धंच झालं. आताचा मॅनेजर म्हणायचा, घ्यायला सगळे पुढे असतात, फेडायच्या वेळी बघा. पालखीवाले जयंतीला कशाला येताहेत?

प्रियदर्शिनी वरवर हसायची, पण आतून घाबरलेली होती. ज्या महाडात तळ्याच्या पाण्यासाठी तिच्या पणज्याने मार खाल्ला, तिथली ती पोर. इथे माणसावर भरवसा टाकायला धाडस लागतं.

चौदा एप्रिलला वाडी पांढऱ्या कपड्यांत मिरवणुकीला निघाली आणि ही कडक इस्त्रीचा शर्ट घालून कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिली. वर काचेच्या केबिनमधून शेठ आणि सेजल मॅडम बघत होते. पाळीची वेळ झाली. रस्ता रिकामाच होता. तिने मनातल्या मनात सामान बांधायलाही घेतलं.

मग वळणावर बस दिसली. आधी भैरूकाका उतरले, त्यांच्यामागून डोंगरवाडीची माणसं, मग पाचाडची. उभं राहायला जागा नव्हती इतकी बस भरली होती. भैरूकाकांनी तिला पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"तू हितं काय करतेस गो बाय? आज जयंती हाय ना?"

"तुम्ही याल की नाही, ते बघायला थांबले काका."

म्हाताऱ्याला खरंच राग आला. "सावड काय कोन अंगावर ठेवतो? नागसेनला सांग, भैरू उभा हाय. जा, नाचून ये."

आत मशीन सुरू झालं. त्या घरघरीने तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत. सेजल मॅडम स्वतः खाली आल्या. नोकरी कायम झाली, शेठच्या रोह्याच्या कारखान्याचं कामही आपल्याला मिळालं आणि त्यांनी तुलाच मागितलंय, असं त्यांनी सांगितलं. "मी चुकले होते," त्या म्हणाल्या. "आता जा, काका सांगताहेत तसं कर."

ती धावतच मिरवणुकीत शिरली. कुणीतरी तिच्या कडक शर्टावर मूठभर निळा गुलाल टाकला. उज्ज्वलाकाकूंनी तिला पाहिलं आणि मंजुळाबाईंना नेहमीचं विचारलं, पोरगी नक्की करते तरी काय?

मंजुळाबाई नाचायच्या थांबल्या नाहीत. "कारखान्यांना सावड शिकवते गो," त्या म्हणाल्या. "आन् ती फुकट नाय मिळत."