या माणसाला पोरगी द्याल का?

आपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुस्तकं चिकटवायची खळ शिजवत होतो. नसरीनचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा फोन. "दत्तादादा, आई गेली," एवढंच म्हणाली. मी "बरं" म्हणालो आणि शेगडीवरची खळ ढवळत राहिलो... ती करपली तेव्हा कुठं कळलं की आपण काय ऐकलं. माझं गाव बार्शीकडचं. रत्नागिरीत माझं रक्ताचं कुणी नाही. तरी त्या दिवशी दुकानाला कुलूप लावून राजिवड्याला आपांच्या घराकडं जाताना वाटेत भेटलेल्या प्रत्येकानं मला थांबवून विचारलं, "कसं झालं रे?" जसा काही मी घरचाच. आता त्यांचा चाळिसावा दिवसही होऊन गेला. लिहायची सवय नाही, सातवीतनं शाळा सुटलेली, त्यामुळं चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

खैरुनआपांची लायब्ररी म्हणजे त्यांच्या घराची बाहेरची खोली. तीन भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर कादंबऱ्या, बहुतेक सगळ्या प्रेमाच्या. नवरा मालवाहू बोटीवर, वर्षातनं दोन महिने घरी. उरलेले दहा महिने आपा वाचायच्या आणि दुसऱ्यांना वाचायला द्यायच्या. वाचक सगळ्या बायकाच. मास्तरीणबाई, नर्स, बँकेतल्या, मिरकरवाड्यातल्या मासळीवाल्या, हिंदू, मुसलमान, सगळ्या. आपांचा नियम एकच. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक प्रश्न लिहून ठेवलेला असायचा, "या माणसाला पोरगी द्याल का? खरं लिहा." हा माणूस म्हणजे कादंबरीतला नायक. पुस्तक परत करताना त्याखाली मत लिहिल्याशिवाय दुसरं पुस्तक मिळायचं नाही.

हे मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं.

अठ्ठ्याण्णव साली मी कोल्हापूरच्या बायंडिंगच्या कारखान्यातनं इथं आलो, राम आळीच्या मागं एक गाळा घेतला. कुणी ओळखत नव्हतं. माझं बोलणं ऐकून लोक हसायचे. पहिलं मोठं काम दिलं ते आपांनी, चाळीस कादंबऱ्या. आमच्या कारखान्यात शिकवलेलं होतं की शेवटची खराब पानं काढून टाकायची आणि अस्तराचा कोरा कागद लावायचा. मी पाहिलं तर सगळ्या पुस्तकांची शेवटची पानं वेगवेगळ्या शाईनं भरलेली, कुठं हळदीचा डाग, कुठं तेलाचं बोट. मला वाटलं, रिकामटेकड्यांनी गिचमिड केलीय. वाचून मात्र बघितली, कारण हसू येत होतं. हसत हसत एकेक पान फाडलं आणि त्याच पानांवर शेगडी पेटवून खळ शिजवली. मग पांढरंशुभ्र अस्तर लावलं, कडा कापल्या, आणि आठ दिवसांनी सायकलवरनं गठ्ठा घेऊन ऐटीत गेलो.

आपा पुस्तक नेहमी मागनं उघडायच्या. पहिलं उघडलं. दुसरं. तिसरं. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "बाळा, यातली माणसं कुठं गेली?"

मी सांगितलं. खरं तेच सांगितलं, कारण खोटं सुचायलाही वेळ नव्हता. त्या खाली बसल्या. अठरा-वीस वर्षांची मतं होती ती. काही लिहिणाऱ्या बायका तर आता हयातही नव्हत्या. हे गावभर होणार, कुणी काम देणार नाही, संध्याकाळच्या गाडीनं बार्शी गाठावी, एवढंच डोक्यात. तेवढ्यात आपांनी विचारलं, "जाळण्याआधी वाचलंस काय रे?"

"वाचलं."

"मग बोल. आठवेल तेवढं बोल."

मी चटईवर बसून बोलायला लागलो. चहाच्या मळ्याचा मालक असलेल्या नायकाबद्दल कुणी लिहिलं होतं, "दिसायला राजबिंडा, पण अख्ख्या पुस्तकात एकदाही कामाला गेला नाही. खायचं काय?" डॉक्टर नायकाबद्दल, "बायको तापानं फणफणलीय आणि हा गच्चीत उभा राहून चंद्र बघतोय. असला डॉक्टर काय करायचा!" तिसरीनं लिहिलं होतं, "नायकापेक्षा त्याचा ड्रायव्हर बरा. कमी बोलतो, वेळेवर येतो. त्याला देईन." आपा हसत होत्या, डोळे पुसत होत्या आणि भराभर वहीत उतरून घेत होत्या. "हे विमलचं... हे नर्सबाईचं..." अक्षर समोर नसतानाही त्यांना मतावरनं माणूस ओळखता येत होता.

मग त्या उठल्या. "चल. ज्यांची आहेत त्यांच्याकडं जाऊ."

दुसऱ्या दिवसापासनं पंधरा दिवस माझ्या सायकलला पुस्तकांची पिशवी आणि पुढं बुरखा सावरत चालणाऱ्या आपा, अशी आमची वरात गावातनं फिरली. प्रत्येक दारात माझी ओळख एकच, "हा आपला नवा बायंडर. ह्यानं तुमचं मत जाळलंन. आता परत लिहा." मी मान खाली घालून उभा. बायका आधी मला बोलायच्या, मग पाणी द्यायच्या, मग पेन मागायच्या. आणि गंमत अशी, की कुणीच पूर्वीचं मत लिहीना. नाचणे गावातल्या मास्तरीणबाईंचं जुनं मत मला पाठ होतं, "डोळे मिटून देईन." मी म्हणून दाखवलं तर म्हणाल्या, "मी? ह्या रडव्याला? तेव्हा माझी पोरगी पाळण्यात होती हो! आता ती एकोणीस वर्षांची आहे," आणि पानभर नकार लिहिला. मिरकरवाड्याच्या हसीनाबींना लिहिता येत नव्हतं. नातीकडनं पुस्तक वाचून घ्यायच्या. त्या मासळीची पाटी बाजूला ठेवून म्हणाल्या, "लिही रे मेल्या. सहा महिने बोटीवर राहिलेला माणूस घरी आला की आधी झोपतो. हा आल्या आल्या गाणं म्हणतोय. हा बोटीवर गेलाच नव्हता. चौकशी करा!" ते मी माझ्या हातानं लिहिलं. कुणाचं मत माझ्या अक्षरात उतरलं, ते पहिल्यांदाच.

त्या पंधरा दिवसांत मी सगळ्या गावाला माहीत झालो. ज्या दारात शिव्या खाल्ल्या त्याच दारातनं पुढं पोरांची पुस्तकं, पोथ्या, लग्नाचे अल्बम बांधायला आले. रत्नागिरीत माझा पाय ठरला तो आपांनी माझी चूक दारोदार सांगितली म्हणून. लपवली असती तर मी पळालोच असतो.

एकदा मी विचारलं, "आपा, तुमचं स्वतःचं मत कुठंच कसं नाही?" म्हणाल्या, "मी नवऱ्याला वर्षातनं दोन महिने बघितलं. मला सगळेच नायक बरे वाटतात. म्हणून तर दुसऱ्यांना विचारते." मग माझ्याकडं वळल्या. "तू तर सगळी वाचतोस. तुझं मत?"

"मी काय बोलणार आपा. सातवीतला माणूस."

"सातवीतल्या माणसाला पोरगी होत नाही काय?"

"तुझं मत?" हा प्रश्न त्यांनी मला दहा वर्षं विचारला. दर गठ्ठ्याला. मी दर वेळी काहीतरी पुटपुटून निसटायचो. दुसऱ्यांची मतं घडाघडा म्हणायचो, पण स्वतःचं लिहायचं म्हटलं की पेन खाली ठेवायचो. कुणीतरी वाचेल, हसेल, म्हणेल, ह्याला कुणी विचारलं... मला पोरगी झाली तेव्हा पेढा खाताना सुद्धा आपा म्हणाल्या, "आता तरी लिही." नाही लिहिलं. त्याचीच रुखरुख मनाला लागून राहिली आहे.

चाळिसाव्यानंतर नसरीन कतारमध्ये दोह्याला परत निघाली. जाताना खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. "शुक्रवार सोडून रोज संध्याकाळी दोन तास उघडा. बायका विचारतायत." मी नको नको म्हणालो. तिनं ऐकलं नाही, आईवर गेलीय.

गेल्या सोमवारी पहिल्यांदा उघडली. दारातच स्टूल टाकून बसलो, आत जायचा धीर होईना. एक नवी सून आली, दाभोळकडची, गावात दोन महिने झालेली. तिनं एक नवी कोरी कादंबरी काढली, मागचं पान उलटलं, ते रिकामंच. "ह्यात कुणी काहीच लिहिलं नाही. कसा आहे हो हा माणूस?"

मी इकडंतिकडं बघितलं. सांगायला दुसरं कुणी नव्हतं, आणि कादंबरी मी वाचलेली होती.

"बोलायला गोड आहे," मी म्हणालो. "पण चूक झाली की दुसऱ्याच्या नावावर ढकलतो. मी माझी पोरगी देणार नाही."

"मग लिहा की इथं. नाहीतर मला कसं आठवणार उद्या?"

मी पेन घेतलं. आपांचं अक्षर आता नव्हतं, म्हणून आधी प्रश्न लिहिला, मग त्याखाली मत लिहिलं, आणि खाली सही केली, दत्ता बायंडर. अक्षर वाकडंच आलं. तिनं पुस्तक वळवून घेतलं, उभ्या उभ्या सगळं वाचलं, परत एकदा वाचलं.

"मला नाही पटत," ती म्हणाली. "मी वाचून येते, मग भांडू."

आणि पुस्तक घेऊन गेली.