पोहण्याच्या टाकीची ओटी

आमच्या सोसायटीत पोहण्याची टाकी आहे. बिल्डरच्या गुळगुळीत कागदावर तिला काहीतरी इंग्रजी नाव होतं, आम्ही टाकीच म्हणतो. पावसाळ्यात ती बंद होते ती गुढीपाडव्याला उघडते. मधल्या काळात तिच्यात पाला, बेडकं आणि कमिटीची आश्वासनं साठत राहतात.

एरवी मी त्या टाकीकडं ढुंकून बघितलं नसतं. पण दिवाळीनंतर माझ्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. मुरगूडकडच्या नदीत पुराच्या पाण्याला आडवा जाणारा हा माणूस, आता मोरीपर्यंत जायला माझा खांदा धरायचा. डॉक्टर म्हणाले, छातीभर पाण्यात चालवा, पाण्यात अंगाचं वजन लागत नाही, पाय हळूहळू ऐकायला लागेल. झालं. तेव्हापासून ह्यांचं रोज सकाळी एकच. जीभ जड, शब्द अर्धेमुर्धे यायचे, पण हे दोन शब्द अगदी स्वच्छ यायचे: "पाणी झालं?"

त्या पायाला काही कळतही नव्हतं. थंडीत गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवली, तर टाच भाजली तरी ह्यांना पत्ता नाही. मीच कपाळ बडवून घेतलं. जखम कशीबशी भरली होती आणि टाचेवर नवी, लहान पोरासारखी गुलाबी कातडी आली होती. ती मी फुलासारखी जपत होते.

टाकी मात्र आमच्या अध्यक्षांच्या हातात होती, म्हणजे देवाच्याच हातात म्हणायची. अध्यक्ष एका साखर कारखान्यातनं रिटायर झालेले. उसाचा रस साफ करायच्या खात्यात त्यांनी जन्म काढला, त्यामुळं जगात जे जे पातळ आहे ते सगळं आपल्याला कळतं, अशी त्यांची पक्की समजूत. घरात चहा बिघडला तरी ते कारखान्यातलं उदाहरण देतात. त्यांच्या बायकोचे उपकार, की अजून संसार टिकलाय.

टाकी घासून बोअरचं पाणी भरलं. आमच्या बोअरच्या पाण्यात लोखंड फार, बादल्यासुद्धा तांबड्या होतात. त्यात क्लोरीन पडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीत कोरा चहा! फरशीवर, पायऱ्यांवर, सगळीकडं तपकिरी डाग. मी म्हटलं, "भावजी, हे गंजाचे डाग हायत. कपड्यावर पडलं की आपण लिंबू चोळतो की. टाकीचं काम करणाऱ्या कुणाला तरी बोलवा."

"वहिनी," अध्यक्ष हसले. ज्याला काही येत नाही त्याला शिकवताना माणूस हसतो तसं. "हितं आणि बाहेरचा माणूस कशाला? टाकी म्हंजे काय, रस उकळायची मोठी काहीलच की! रसात चुना टाकला की मळी खाली बसती आणि वर काचंगत रस. हयात गेली आमची त्यात."

आणि खरंच पोत्यानं चुना आणला. कमिटीतले दोघं-तिघं लेंगे वर खोचून टाकीच्या कडंला उभे राहिले आणि खोऱ्यानं टाकीत चुना लोटला. वरनं अध्यक्ष बांबूनं ढवळतायत. मला वाटलं, आता गुळाची ढेपच निघणार.

पण खोटं का बोला, पाणी साफ झालं. अगदी नितळ. मळी सगळी तळाला बसली, वर निळंभोर पाणी, सुई पडली तरी दिसावी. अध्यक्षांचं पोट दोन बोटं पुढं आलं. पाणी तपासायची एक छोटी पेटी असते. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे आणि येईल तो रंग पेटीवरच्या रंगांशी जुळवायचा. अध्यक्षांच्या नळीत जांभळट रंग आला. पेटीवर असला रंगच नव्हता.

"पेटी जुनी झालीया," अध्यक्ष म्हणाले. "पाणी बघा की! नाद खुळा!"

पाडव्याला सकाळी गुढ्या उभ्या राहिल्यावर सगळी सोसायटी टाकीवर जमली. आमच्याकडं नव्या पाण्याची ओटी भरायची रीत आहे, विहीर असो नाहीतर बोअर. पोहण्याच्या टाकीची ओटी भरल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते, पण आपण कोण बोलणार! अध्यक्षांची बायको नवी साडी नेसून आलेली. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, सगळं साग्रसंगीत. मी ह्यांना हाफ पँट घालून, अंगावर टॉवेल टाकून आणलं होतं. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून पहिला मान ह्यांचा, असं कमिटीनं ठरवलेलं. एवढं एक त्यांनी शहाण्यासारखं केलं. कितीतरी महिन्यांनी ह्यांनी दाढी करून घेताना कुरकुर केली नव्हती. लग्नाच्या आदल्या दिवशी पोरं असतात, तसे हे खुशीत होते.

अध्यक्षांच्या बायकोनं तळहातावर हळद घेतली, टाकीतलं पाणी घालून कालवली आणि वरच्या पायरीवर पाच बोटं ओढली. पिवळीधमक. आणि बघता बघता ती लाल झाली. तळहातही लाल.

"बया गं!" कुणीतरी ओरडलं. "आईनं कौल दिला!"

बायकांनी हात जोडले. एकीनं तर पायरीला डोकं टेकलं. अध्यक्ष डोळे मिटून उभे. आपण टाकलेल्या चुन्याला अंबाबाई पावली, असं त्यांच्या तोंडावर सरळ लिहिलेलं. मोबाईल वर झाले. आणि ह्या गडबडीत हे माझा हात धरून पायरीकडं निघाले.

माझं माहेर सीमाभागातलं. आमच्यात नव्या नवरीवरनं लाल पाणी ओवाळून टाकतात. ते पाणी लाल कशानं होतं? हळदीत चुना कालवून. शेंबड्या पोरीलाही ते कळतं. हळद लाल झाली म्हणजे त्या निळ्याभोर पाण्यात अजून रग्गड चुना होता, आणि त्यात हे उतरणार. टाचेवर नवी कातडी. आग झाली तरी ह्यांना कळणार नाही, आणि कळलं तरी पाणी सोडून हे बाहेर येणार नाहीत.

मी दोन्ही हातांनी ह्यांचा दंड धरला. "थांबा! उतरू नका! ह्यो कौल न्हाय, चुना हाय!"

हे माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "सोड."

"नाही सोडणार."

"सोड की गं." डोळ्यात पाणी आलं हो त्या माणसाच्या. सगळ्या बिल्डिंगीसमोर. वाटलं, गेला खड्ड्यात तो चुना, जाऊ दे ह्यांना. पण दंड सोडला नाही.

अध्यक्षांना राग आला. "वहिनी, काय बोलतायसा? ह्याच चुन्यानं रस पांढरा केलाय मी आयुष्यभर."

"रसात कोण पोहतं का भावजी? त्याची साखर करतासा तुम्ही. माझ्या नवऱ्याची करू नका!"

हे त्यांना झोंबलं. खाली वाकून त्यांनी दोन ओंजळी पाणी घेतलं आणि तोंडावर मारलं. "हे बघा! काय झालं?" काही झालं नाही. थोडा वेळ. मग डोळे लाल झाले, नाक गळायला लागलं, आणि भर पाडव्याला आमचे अध्यक्ष हुंदके दिल्यागत पाणी गाळत उभे. तरी गडी म्हणतोय, "देवीचं दर्शन झालं की माझं असंच होतंय." शेवटी त्यांच्या बायकोनंच त्यांना हाताला धरून घरच्या नळाखाली नेलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथं बैलाचे डोळेही सुजले.

टाकी परत बंद. मग कमिटीनं तोंड वाकडं करून टाकीचं काम करणारा माणूस बोलावला. त्यानं पाईपनं तळाची मळी ओढून काढली, थोडं थोडं ॲसिड सोडत, परत परत तपासत पाणी ताळ्यावर आणलं. डाग राहिले होते ते जुन्या मोज्यात लिंबाचं सत्त्व भरून चोळले, तर गेले. मी गच्चीतनं सगळं बघत होते. ह्यांना बघायला बोलावलं, हे आले नाहीत. पाडव्यापासून हे माझ्याशी बोलतच नव्हते. सकाळचा तो प्रश्नही बंद झाला होता, आणि त्याचा जाच रोज सकाळी प्रश्न विचारण्यापेक्षा जास्त होता. "अहो, तुमच्याच पायासाठी केलं ना," म्हटलं तर भिंतीकडं तोंड. नवऱ्यांचं असंच. चुना टाकणारा बाजूला राहिला, आणि दंड धरणारी बायको वैरी.

टाकी उघडली तेव्हा ओटी नाही, नारळ नाही. कमिटीला आता हळदीचीच भीती. पेटीवरच्या रंगाशी नळीतला रंग जुळला हे मी स्वतः बघितलं, मगच ह्यांना पुढं केलं. उतरताना ह्यांनी माझा हात धरला, पण तोंडाकडं बघितलं नाही. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला लागलं. मग ह्यांनी हात सोडवून घेतला. मी काठावर, आणि हे चालले. उजवा पाय उचलतोय, टेकतोय. कुणाचा खांदा नाही की काठी नाही. पार पलीकडच्या भिंतीपर्यंत गेले, तिला हात लावला आणि वळून हसले. तोंडाची एक बाजूच हसली, पण माझ्याकडं बघून हसली. मी रडले. का नाही रडायचं?

किती फेऱ्या मारल्या कुणास ठाऊक. मग हे पायऱ्यांकडं आले. पहिली पायरी चढले, पाणी कमरेला आलं. दुसरी चढले, मांडीला. तशी पाण्यानं उचललेली सगळी उजवी बाजू परत जड झाली. पाय पायरीवर दगडासारखा पडला. हे तिथंच उभे राहिले, खाली पाण्याकडं बघत. मग मागं एक पायरी उतरले. परत छातीभर पाण्यात गेले आणि मला म्हणाले, "थांब जरा. इथं मी हाय."

काठावर पुढच्या बॅचची माणसं टॉवेल घेऊन उभी होती, सगळ्यात पुढं अध्यक्ष. घड्याळ दाखवत म्हणाले, "वहिनी, टाइम झाला."

मी ओल्या काठावर मांडी घालून बसले. म्हटलं, "ज्याला घाई असंल त्यानं घरी जाऊन न्हावं. माझा नवरा अजून पोहतोय."