पेशींची बाजू घेणारी आई

आमच्या घरात तोंडी मागणी करायची पद्धत नाही. सायकल हवी असो की सहलीला जायचं असो, एका पानाचं पत्रक लिहायचं, जेवणाआधी उभं राहून वाचायचं आणि हरकती घ्यायच्या. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, सीमाभागातल्या आमच्या गावात आयुष्यभर छापखाना चालवला. त्यात लग्नपत्रिका कमी, संपाची पत्रकं जास्त. ज्याच्याबद्दल मागणी असेल त्याची संमती हवीच, बहुमत चालणार नाही, हा नियम आईचा.

त्यामुळे आईनं संधिवाताची गोळी परस्पर बंद केल्याचं कळलं तेव्हा मी भांडले नाही. पत्रक लिहायला बसले.

आई-अप्पा आता बंगळुरात, जे. पी. नगरमध्ये माझ्याकडे राहतात. आईचा संधिवात वयाचा नाही. तिची रोगप्रतिकारक यंत्रणाच तिचे सांधे कुरतडते आहे. सकाळी तास-दीड तास तिच्या मुठी मिटत नाहीत. आठवड्यातून एकदा घ्यायची ती गोळी या यंत्रणेला जरा आवरते. सूज अशीच राहिली तर बोटं वाकडी होतील आणि मग कुठल्याही गोळीनं सरळ होणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण खालच्या मजल्यावरच्या अक्का रोज काढा पाठवू लागल्या. अक्कांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरातलं, मराठी निम्मं कन्नड. "स्वल्प कडू लागतंय, पण इम्युनिटी वाढतेय बघा," असं त्या म्हणाल्या. आणि जिला इम्युनिटीच नको इतकी झाली आहे, ती माझी आई पेला भरभरून पिऊ लागली. गोळीनं इम्युनिटी कमी होते, म्हणून गोळी बंद. पाच आठवडे.

रविवारी मी वाचलं: 'आपल्याच शरीराविरुद्ध बंड करणाऱ्या पेशींचा जाहीर निषेध.' मजकूर जोरदार होता. शेवटच्या परिच्छेदात तर माझाच आवाज चढला. आईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यांची मागणी काय आहे?"

"कुणाची?"

"पेशींची. बंड केलंय म्हणतेस ना? उगाच कोण बंड करतं?"

अप्पांनी मान डोलावली. जन्मात एकाही संपाला त्यांनी विरोध केला नव्हता, पेशींच्या संपाला तरी कसा करणार? माझी चूक मला तेव्हा कळली. आमच्या घरात कुणाला बंडखोर म्हणणं म्हणजे त्याची शिफारस करणं. आधी बोलणी करा, मग गोळीचं बघू, असं सांगून आई पानं घ्यायला उठली.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसातून अर्धी रजा काढली आणि पत्रक घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरबाईंनी ते न हसता वाचलं, ही त्यांची सभ्यता. मग म्हणाल्या की यात बंड कुणी केलेलं नाही. मी जिचा निषेध केला होता ती प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, वगैरे मंडळी नंतर येतात. आधी येतात त्या शरीराच्या सगळ्यात जुन्या पहारेकरी पेशी. चाहूल लागली की धावायचं, एवढंच त्यांना येतं. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी सांध्यात घुसतात, फुटतात आणि स्वतःच्याच पोटातले धागे जाळ्यासारखे फेकतात. जंतू असेल तर छान. नसेल तर जाळ्यात घरचंच सामान. मॅक्रोफेज नावाच्या दुसऱ्या पेशी तिथेच ठाण मांडून आणखी कुमक मागवत राहतात. तिसऱ्या काही पेशी घरच्याच सामानाचे तुकडे पुरावा म्हणून वर नेऊन दाखवतात, आणि मग प्रतिपिंडांचा खटला उभा राहतो.

काढ्याचं विचारलं. त्यानं या पेशी वाढत असतील असं नाही, पण त्यात काय काय आहे ते माहीत नाही आणि गोळीचा ताण यकृतावर असतो, तेव्हा बंद करा, असं उत्तर मिळालं.

पुढच्या रविवारी दुसरं पत्रक वाचलं. निषेध नव्हता, फक्त हकिकत होती.

"म्हणजे चौकशी न करता लाठी चालवणारे पोलीस," आई म्हणाली.

"हो."

"आणि मी त्यांना रोज काढा पाजत होते."

इथे गप्प बसले असते तर काम फत्ते होतं. पण पत्रकात खोटं घालू नये हे मला अक्षरांआधी शिकवलं गेलंय. काढ्यानं ते माजले असं नाही, गोळी थांबल्यानं मोकाट सुटले, हे मी सांगून टाकलं. अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की बाई, जिंकत होतीस.

आईनं एक दुरुस्ती सुचवली. या पेशींना काढून टाकायचं नाही, फक्त आवरायचं. खरा जंतू आला तर कोण धावणार? तसं लिहायला लावलं. अक्कांना काढ्याचं मी सांगायचं, तेही कन्नडमध्ये आणि गोड शब्दांत, हेही ठरलं. मग तिनं गोळ्यांचं पाकीट मागितलं. अंगठा दाबून पाहिला, दुसऱ्या हाताचा पाहिला. तिला ते फुटेना. कुणाकडे मदत मागायची या बाईला सवय नाही. माझ्याकडे न बघता तिनं पाकीट पुढे केलं.

"फोड."

मी गोळी काढून दिली. ती गिळून तिनं विचारलं, दर रविवारी आठवण कोण ठेवणार?

"मी," अप्पा म्हणाले.

"म्हणजे मीच," आई म्हणाली, आणि कॅलेंडरवरचे पुढचे सगळे रविवार सुजलेल्या बोटांनी पेन धरून गोल करू लागली.